पार्किन्सन्ससाठी निलोटिनिब : उशिरा विचारलेल्या एका प्रश्नाचे प्रकरण

रक्ताच्या एका कर्करोगावर वापरले जाणारे निलोटिनिब हे औषध पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन पाहावे, ही कल्पना २०१० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगशाळेत रुजली, २०१५ मध्ये तिची जगभर बातमी झाली आणि २०२० च्या अखेरीस ती जवळजवळ मावळली. हे प्रकरण त्या प्रवासाचे आहे. संस्था, वर्षे आणि आकडे प्रसिद्ध झालेल्या माहितीतले आहेत. रुग्ण आणि संशोधक यांची नावे घेतलेली नाहीत, त्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

पार्किन्सन्समध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्या आजारात, मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे हालचालीला लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू मरत जातात. हात थरथरू लागतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो, आणि ही लक्षणे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. १९६० च्या दशकापासून वापरात असलेले लेव्होडोपा शरीराला डोपामिनचा कच्चा माल पुरवते आणि त्यामुळे हालचाल सुधारते, पण पेशी मरण्याचे थांबत नाही. आजाराची गती कमी करणारे औषध आजही कोणाच्या हाती नाही, आणि म्हणूनच या क्षेत्रात आशेचा बारीकसा किरणही फार मोठा दिसतो.

नवे औषध शून्यापासून बनवायला दशक लागते. त्याऐवजी दुसऱ्या आजारासाठी मान्यता मिळालेले औषध उचलले, तर त्याची रासायनिक घडण, कारखान्यातले उत्पादन, शरीरातला प्रवास आणि दुष्परिणाम या सगळ्यांची माहिती आधीच हाताशी असते. निलोटिनिब असेच एक औषध होते. नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधाला ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी मान्यता मिळाली. या कर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबल नावाचे बेलगाम एन्झाइम तयार होते, आणि निलोटिनिब नेमके त्यालाच लगाम घालते.

या एन्झाइमचे साधे रूप, सी-एबल, निरोगी पेशींतही असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की पेशीवर ताण आला की सी-एबल जास्त सक्रिय होते आणि पार्किन नावाच्या संरक्षक प्रथिनाला निकामी करते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. निलोटिनिबच्या कमी मात्रेने पेशींची स्वतःची झाडलोट वेगवान होते, अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा साचलेला कचरा कमी होतो आणि उंदरांची हालचाल सुधारते, असे त्यांचे निष्कर्ष होते. कर्करोगात पेशी मारायची असते, येथे पेशीला स्वतःला स्वच्छ करायला लावायचे होते. त्यामुळे कर्करोगासाठी दिवसाला लागणाऱ्या ६०० ते ८०० मिलिग्रॅमऐवजी १५० किंवा ३०० मिलिग्रॅम पुरतील असा अंदाज बांधला गेला. तर्कात उघड खोट काढता येण्यासारखे काहीच नव्हते.

पहिले वळण : बारा रुग्ण, प्लासिबो नाही

जॉर्जटाउनच्या गटाने पहिल्या मानवी अभ्यासात बारा रुग्ण घेतले. त्यांना पार्किन्सन्ससोबत स्मृतिभ्रंश होता किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया हा त्याच्याशी मिळताजुळता आजार होता, म्हणजे आजार बराच पुढे गेलेला होता. त्यांना सहा महिने रोज १५० किंवा ३०० मिलिग्रॅम निलोटिनिब देण्यात आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कोणाला औषध मिळते आहे हे डॉक्टरांना, रुग्णांना आणि घरच्यांना, सगळ्यांनाच ठाऊक होते.

हा निर्णय अजब नव्हता, हे आधी नोंदवायला हवे. पहिल्या टप्प्याच्या अभ्यासाचा हेतू औषध सहन होते का हे पाहण्याचा असतो आणि त्यासाठी प्लासिबो गट, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी मिळणारा गट, नेहमी घेतलाच जातो असे नाही. निलोटिनिबच्या वेष्टनावर तर अमेरिकी नियामकाचा सर्वांत कडक इशारा आहे : हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला एक विद्युत कालावधी, ज्याला ईसीजीच्या भाषेत क्यूटी म्हणतात, तो या औषधाने लांबू शकतो आणि अचानक मृत्यू येऊ शकतो. तरुण कर्करोगी आणि सत्तरीतला पार्किन्सन्सचा रुग्ण यांच्यासाठी हा इशारा सारखा नाही. आपल्याकडे मळमळीसाठी सर्रास दिले जाणारे डोम्पेरिडोन आणि भासांसाठी दिले जाणारे क्वेटियापिन हीसुद्धा क्यूटी लांबवू शकतात, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या गोळ्यांच्या डब्यात या दोन्ही सापडतात. शिवाय निलोटिनिब रिकाम्या पोटी घ्यावे लागत होते, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी एक तास. लेव्होडोपाच्या वेळा सांभाळताना ज्या घराचा दिवस आधीच घड्याळाच्या काट्यांवर बांधलेला आहे, त्या घरासाठी ही आणखी एक कसरत. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न आधी घेणे योग्यच होते.

अडचण पुढे आली. अभ्यास सुरक्षिततेचा होता, पण त्यातून सर्वांत मोठ्याने ऐकू आले ते गुणकारीपणाबद्दलचे बोलणे.

बातमी

ऑक्टोबर २०१५ मध्ये शिकागोत भरलेल्या न्यूरोसायन्सच्या मोठ्या अधिवेशनात हे निष्कर्ष मांडले गेले. एका सहभागीला हृदयविकाराच्या झटक्यामुळे अभ्यास सोडावा लागला होता. उरलेल्या अकरा जणांत सुधारणा दिसल्याचे सांगितले गेले. बोलणे थांबलेले काही रुग्ण पुन्हा बोलू लागले आणि चाकाच्या खुर्चीतला एक रुग्ण चालू लागला, अशी वर्णने पुढे आली. अमेरिकी रेडिओने आणि वृत्तपत्रांनी ती उचलली. सविस्तर निबंध पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये छापून आला, तोपर्यंत बातमी जगभर फिरून झाली होती.

औषध बाजारात होते. हीच या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट. नवे रसायन असते तर रुग्णाला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. येथे कोणताही डॉक्टर, मान्यतेबाहेरचा वापर म्हणून, चिठ्ठी लिहून देऊ शकत होता. खर्च महिन्याला हजारो डॉलर होता, तरी मागणी झाली. पार्किन्सन्सच्या रुग्णसंस्थांना सावधगिरीची निवेदने काढावी लागली.

नेमकी अडचण काय होती

प्लासिबो नसल्याचा मुद्दा सगळेच मांडतात. पार्किन्सन्समध्ये तो इतर आजारांहून अधिक गंभीर का आहे, हे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये सहा पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मेंदूचे पेट स्कॅन घेतले. औषध मिळेल या अपेक्षेने रुग्णाला साधे सलाइन टोचले, तरी त्याच्या मेंदूत खरोखरचे डोपामिन स्रवले. म्हणजे ज्या रसायनाची कमतरता हा आजार, तेच रसायन आशेने बाहेर पडते. निलोटिनिबच्या बातमीच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, सिनसिनाटीच्या गटाने बारा रुग्णांवरचा एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही वेळा सलाइनच टोचले. एकदा हे औषध मात्रेला १०० डॉलरचे आहे म्हणून सांगितले आणि एकदा १५०० डॉलरचे. 'महागड्या' सलाइनने हालचाल अधिक सुधारली. आता कर्करोगाचे, जगातल्या महागड्या औषधांत मोडणारे, नामांकित विद्यापीठात मिळणारे औषध डोळ्यांसमोर आणावे.

त्यातच मोजमापाची पद्धत. पार्किन्सन्सची तीव्रता मोजणाऱ्या यूपीडीआरएस या गुणपत्रिकेत डॉक्टर रुग्णाला अंगठा आणि तर्जनी झपझप दहा वेळा जुळवायला सांगतात, पायाची बोटे आपटायला सांगतात, हाताची घडी घालून खुर्चीतून उठवतात, पाठीमागून खांद्याला हिसका देऊन तोल पाहतात. प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण. दोन आणि तीन यांच्यामधली रेघ डॉक्टरच्या डोळ्यात असते. घरी काय बदलले हे सांगणारा माणूस तर आणखीच गुंतलेला. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. नवऱ्याने चार महिन्यांनी आज स्वतःहून चहा मागितला, हे सांगणाऱ्या शुभंकराच्या साक्षीतून आशा गाळून काढता येत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

यावर जॉर्जटाउनच्या संशोधकांकडे एक उत्तर होते : आमचा भर केवळ लक्षणांवर नाही, मेरुद्रवातल्या, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूभोवतीच्या द्रवातल्या, रसायनांवरही आहे. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून काढलेल्या द्रवात होमोव्हॅनिलिक आम्लाची पातळी वाढली होती. हा डोपामिनच्या विघटनातून उरणारा पदार्थ आहे, म्हणून तो वाढला याचा अर्थ मेंदूत डोपामिन वाढले, असा युक्तिवाद होता. आशेने गुण बदलतील, पण द्रवातले आम्ल कसे बदलेल?

या प्रकरणातला मला सर्वांत शिकवून जाणारा तपशील येथे आहे. पार्किन्सन्सचे अनेक रुग्ण रासाजिलीन किंवा सेलेजिलीन घेतात. ही औषधे एमएओ-बी हे एन्झाइम रोखतात, डोपामिनचे विघटन लांबवतात, आणि त्यामुळे होमोव्हॅनिलिक आम्ल कमी बनते. बॉस्टनच्या एका न्यूरॉलॉजिस्टने २०१७ मध्ये लक्षात आणून दिले की या अभ्यासातल्या काही सहभागींचे हे औषध पहिला नमुना घेतल्यानंतर बंद करण्यात आले होते. बंद केले की एन्झाइम पुन्हा कामाला लागते आणि आम्लाची पातळी वाढते. त्यासाठी निलोटिनिबची गरजच नाही. तुलनेचा गट असता तर त्या गटातही तेच औषध बंद झाले असते, तेथेही पातळी वाढली असती आणि प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता.

समोर असलेले पर्याय

२०१६ मध्ये पुढे काय करावे, यासाठी ढोबळमानाने तीन मार्ग होते. पहिला, काहीच न करणे. पण औषध दुकानात असताना आणि लोक ते मागत असताना गप्प बसणे म्हणजे बेहिशेबी प्रयोग घरोघरी चालू देणे. दुसरा, जॉर्जटाउनने स्वतःच्याच केंद्रात, आपल्या हाताखालच्या अनुभवावर, प्लासिबोसह मोठी चाचणी करणे. त्यात एकसारखेपणा मिळतो, काम लवकर सुरू होते, पण ज्यांनी कल्पना मांडली तेच तिची परीक्षा घेतात. तिसरा, अनेक केंद्रांवर, वेगळ्या नेतृत्वाखाली, स्वतंत्र निधीतून चाचणी करणे.

मायकेल जे. फॉक्स फाउंडेशन, ब्रिटनमधला क्युअर पार्किन्सन्स ट्रस्ट आणि मिशिगनमधली व्हॅन अँडेल संशोधन संस्था या तिघांचा कल तिसऱ्या मार्गाकडे होता. जॉर्जटाउनला सोबत घेऊन एकच चाचणी व्हावी असे बोलणे झाले, पण आराखड्यावर एकमत झाले नाही. दोन चाचण्या वेगवेगळ्या निघाल्या. त्या वेळी याला पैशाची आणि रुग्णांची उधळपट्टी म्हटले गेले. मला ते तेवढे पटत नाही, कारण पुढे काय घडले ते दोन चाचण्यांमुळेच नीट वाचता आले.

प्रत्यक्ष कृती

जॉर्जटाउनची चाचणी २०१७ च्या सुरुवातीला सुरू झाली. ७५ रुग्णांची तीन गटांत विभागणी झाली : प्लासिबो, १५० मिलिग्रॅम आणि ३०० मिलिग्रॅम. औषध बारा महिने, नंतर तीन महिने औषधाविना निरीक्षण.

दुसरी चाचणी, निलो-पीडी, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या २५ केंद्रांवर झाली. रुग्ण ७६, गट तेच तीन, औषध सहा महिने. सहभागींना आजार होऊन सरासरी दहा वर्षांच्या आसपास झाली होती. आखणी टप्प्याटप्प्याची होती : आधी अशा जुन्या रुग्णांत औषध सहन होते का आणि मेंदूपर्यंत पोहोचते का हे पाहायचे, आणि मगच नुकताच आजार कळलेल्या रुग्णांकडे वळायचे. नवे रुग्ण ही मौल्यवान गोष्ट असते, कारण आजार रोखणाऱ्या औषधाचा उपयोग त्यांनाच सर्वाधिक व्हायचा. त्यांना अपुऱ्या पुराव्यावर खर्ची घालायचे नाही, हे यामागचे शहाणपण होते.

निष्पत्ती

डिसेंबर २०१९ मध्ये दोन्हीकडचे निकाल पाठोपाठ आले आणि त्यांचा सूर उलटसुलट होता.

जॉर्जटाउनने औषध पुरेसे सुरक्षित असल्याचे, मेरुद्रवात सापडल्याचे आणि डोपामिनशी संबंधित रसायनांत बदल दिसल्याचे सांगून पुढच्या मोठ्या चाचणीची बाजू मांडली. त्याच निबंधातले दुसरे आकडे असे होते : गंभीर प्रतिकूल घटना प्लासिबो गटात ४ जणांत, १५० मिलिग्रॅमच्या गटात ६ जणांत आणि ३०० मिलिग्रॅमच्या गटात १२ जणांत. प्रत्येक गटात २५ माणसे, म्हणजे सर्वांत मोठ्या मात्रेवर जवळपास निम्मी. हालचालीत किंवा इतर लक्षणांत गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. चाकाची खुर्ची सोडून चालू लागलेल्या रुग्णाच्या गोष्टीची पुनरावृत्ती प्लासिबोसमोर झाली नाही.

निलो-पीडीने औषध बहुतेकांना सहन होते असे सांगितले, पण लक्षणांत सुधारणा नव्हती. उलट काही भेटींत औषध घेणाऱ्यांचे हालचालींचे गुण प्लासिबोपेक्षा बिघडलेले दिसले. डोपामिनच्या विघटनातून होणाऱ्या पदार्थांत बदल आढळला नाही. निर्णायक ठरला तो एक आकडा : रक्तात जेवढे निलोटिनिब होते त्याच्या जेमतेम ०.२ ते ०.३ टक्के मेरुद्रवात पोहोचले होते. रक्तात या औषधाचा ९८ टक्के भाग प्रथिनांना चिकटून राहतो आणि रक्त-मेंदू अडसर उरलेल्यातलेही फार आत सोडत नाही. पोहोचले एवढे थोडे की सी-एबल रोखले जाईल अशी आशा धरता येत नव्हती. मात्रा वाढवावी, तर हृदयाचा इशारा आडवा. सविस्तर निबंध डिसेंबर २०२० मध्ये आला आणि या औषधाची पार्किन्सन्ससाठी पुढे चाचणी करू नये, असे लेखकांनी स्पष्ट लिहिले. नव्या रुग्णांचा ठरलेला पुढचा टप्पा झाला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. औषध मेंदूत किती पोहोचते, हा प्रश्न त्यातल्या त्यात स्वस्त आहे : थोडे सहभागी, मोजक्या मात्रा, रक्त आणि मेरुद्रव यांची जोडीने तपासणी, आणि सी-एबल रोखायला लागणाऱ्या पातळीशी आकड्याची तुलना. जॉर्जटाउनने मेरुद्रव तपासला होता, पण त्यांचा भर औषध 'सापडले' यावर राहिला. सापडणे आणि पुरेसे असणे यांतले अंतर जाहीरपणे आणि एका ठरलेल्या पातळीशी ताडून २०१५ मध्येच मोजले गेले असते, तर दीडशे माणसांच्या पाठीत सुया घालण्याची वेळ कदाचित आली नसती. उंदराच्या मेंदूत काम झाले म्हणून माणसाच्या मेंदूत तेवढेच औषध जाते, हे गृहीत धरणे सगळ्यांनाच सोयीचे वाटले.

दुसरी गोष्ट लहान, पण हाताशी असलेली : पहिल्या नमुन्याआधी काही आठवडे एमएओ-बी रोखणारी औषधे बंद करायला हवी होती, किंवा अखेरपर्यंत तशीच चालू ठेवायला हवी होती. यासाठी जादा पैसा लागत नव्हता.

बातमीबाबत मत देणे कठीण आहे. संशोधकांनी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले, आणि रुग्ण बोलू लागला असे दिसले तर ते दडवा असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु सुरक्षिततेसाठी आखलेल्या बारा जणांच्या अभ्यासाच्या प्रसिद्धिपत्रकात पहिल्या परिच्छेदात काय यावे आणि हृदयविकाराचा झटका आलेला सहभागी कितव्या परिच्छेदात यावा, हा निर्णय कोणीतरी बसून घेतलेला असतो. औषध दुकानात मिळत असेल तेव्हा त्या निर्णयाचे वजन वाढते.

सी-एबलची कल्पना मात्र निलोटिनिबबरोबर संपली नाही. मुंबईच्या सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्च कंपनीकडे वोडोबाटिनिब हे याच लक्ष्यावर काम करणारे, ल्युकेमियासाठीच विकसित होत असलेले औषध होते. येथे क्रम पाळला गेला : आधी मेरुद्रवातली पातळी मोजली, ती सी-एबल रोखण्यास पुरेशी दिसली, आणि मग डोपामिनची औषधे सुरू न झालेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर प्लासिबोसह प्रोसीक नावाची मोठी चाचणी झाली, निलो-पीडीच्या कित्येक पट सहभागी घेऊन. २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की प्लासिबोच्या तुलनेत फायदा दिसला नाही, आणि चाचणी थांबवली. निलोटिनिबच्या वेळी 'औषध मेंदूत पोहोचलेच नाही' असे म्हणायला जागा होती. या वेळी ती जागा फारशी उरली नाही.